एक टाका उसवला नाही

पत्र्याची काळी ट्रंक होती ती. मिलिटरीतून सुटून आलेल्या एका जवानानं विकायला काढलेली. झाकणावर त्याचा नंबर होता, तो आमच्या केंद्राच्या साहेबांनी मला, म्हणजे शिपायाला, दगडानं खरवडायला लावला आणि वर पांढऱ्या रंगानं लिहून घेतलं, 'इंग्रजी अध्यापन साहित्य'. ही ट्रंक मी सात वर्षं सातारा-सांगलीकडच्या शाळाशाळांतून वाहिली. डोक्यावरून, एस.टी.च्या टपावरून, बैलगाडीतून, एकदा तर बाजारातून परत निघालेल्या कुंभाराच्या गाढवावरून. सात वर्षांत तिच्यातली एक वस्तू हरवली नाही की एक टाका उसवला नाही. मी रिटायर झालो तेव्हा भाषणात सगळे हेच बोलले. मीही मान ताठ करून ऐकलं. आज कुणी हे वाक्य बोललं तर मला शिवी दिल्यासारखं वाटतं.

माझी बायको हौसा गेल्या माघात गेली. त्या ट्रंकेतलं निम्मं सामान तिच्या हातचं होतं. तिचं एकच म्हणणं असायचं, त्यातलं काहीतरी एकदा फाटून घरी यावं. सोन्याची बोरमाळ मागितली नाही, लुगडं मागितलं नाही, हे मागितलं. आणि मी ते तिला दिलं नाही. या अंकाचे संपादक पूर्वी मास्तर होते, माझ्या या पेटीतल्या सामानावर त्यांनीही पाठ घेतलेत. ते म्हणाले, "मामा, नोकरीतल्या गमतीजमती लिहा." गमती येतील तेवढ्या लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस आहे, आडपडदा ठेवून लिहायला मला येत नाही.

सत्तरच्या पुढची ही सालं. खेड्यातल्या प्राथमिक शाळांत पाचवीपासून इंग्रजी आलं होतं. आता शिकवणार कोण? तर तेच गुरुजी, जे मराठी, गणित, शेती आणि कवायत शिकवत होते. त्यातल्या निम्म्यांनी साहेबाची भाषा कधी तोंडातून काढलेली नव्हती. त्यांना साताऱ्याला आमच्या प्रशिक्षण केंद्रात बोलवायचं, दहा दिवस शिकवायचं आणि परत पाठवायचं. आमचे साहेब म्हणायचे, "पुस्तक वाचून भाषा येत नाही. पोराच्या डोळ्यापुढं वस्तू धरा, नाव घ्या, त्याच्याकडून बोलवून घ्या. मधी मराठी नको." म्हणून ही पेटी. केंद्रातून ती एका शाळेत जायची, पंधरा दिवस राहायची, मग मी जाऊन ती पुढच्या शाळेत न्यायचो. साहेब पाठ बघायला येणार, त्या दिवशी मीही हजर.

पेटीत काय काय होतं ते सांगतो. शब्द लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या. घड्याळाची खोटी तबकडी, काटे हातानं फिरवायचे. लाकडी फळं. मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर, त्याच्यात कुणा साहेबाचा आवाज. पण वीज किती शाळांत होती म्हणता? तो बहुतेक ठिकाणी नुसता बघायलाच काढत. लोणंदकडच्या एका शाळेत हेडमास्तरांनी त्याला हळदकुंकू लावून पुढं नारळ फोडला. पाणी आत जाईल म्हणून मी ओरडलो, तर म्हणाले, "मामा, सरस्वती हाय ती, तिला पान्याचं काय भ्या?"

आणि सगळ्यात महत्त्वाचा खादीफलक. म्हणजे एका फळीवर खरबरीत लोकरी कापड ताणून बसवलेलं. कागदी चित्राच्या पाठीला सुताराचा पॉलिशपेपर चिकटवायचा आणि चित्र फलकावर दाबायचं, की ते तिथं चिकटून राहतं. ना खिळा, ना डिंक. गुरुजी एकेक चित्र लावत गोष्ट सांगतात, पोरं बघतात. महाबळेश्वरच्या अंगाला मात्र हा फलक चालायचा नाही. तिकडं हवाच ओली. घर लावलं की घर खाली, झाड लावलं की झाड खाली. पावसाळ्यात पेटी घाट चढत नसे.

पहिली चित्रं वरून छापून आली होती. त्यांत उतरत्या छपरांची घरं, छपरावर धुराडं, बर्फात खेळणारी गोरी पोरं. आमच्या पोरांनी धुराड्याला बोट लावून विचारलं, "ह्ये काय? गुऱ्हाळ हाय व्हय?" साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "आपल्याकडची चित्रं पाहिजेत. कोण करून देईल?"

मी म्हणालो, "आमची मंडळी वाकळा शिवती, साहेब. तिला कापडाचं जमंल."

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची शिवलेली जाड गोधडी. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी बाळंतपण निघालं की वाकळेला हौसालाच बोलवायचे. तिचा टाका गव्हाच्या दाण्याएवढा, सगळे सारखे, ओळीत. शाळेचं तोंड तिनं बघितलेलं नव्हतं. साहेबांनी तिला खादीफलक दाखवला. तिनं त्याच्यावर तळहात फिरवला, एक लोकरीचा तुकडा दाबून बघितला, चिकटला. हसली.

महिन्याभरात तिनं घर भरून टाकलं. माझ्या जुन्या गरम कोटाची काळी शेळी, तिचे कान पांढरे. शेजारच्या काकूच्या लाल शालीची कोंबडी. म्हातारा, म्हातारी, बाप, आई, दोन पोरं, पाळण्यातलं एक. घागर, छत्री, चूल, बैल. एकोणसाठ नग झाले. आम्हाला मूलबाळ नव्हतं, हे इथंच सांगतो, परत सांगायला लावू नका. पाळण्यातल्याला तिनं टोपडं शिवलं होतं, त्याला खरा बंद होता, सोडायचा आणि बांधायचा. मी म्हणालो, "फळीवर चिकटवायच्या चित्राला बंद कशाला?"

"पोरं सोडत्याल की," ती म्हणाली.

प्रत्येक नगाचे उरलेले तुकडे तिनं वेगळे ठेवले. एका जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून गाठोडं केलं. म्हणाली, "फाटलं की त्याच कापडाचं ठिगळ लागतं. परकं कापड लगीच वळखू येतं."

मग नग डेड स्टॉक रजिस्टरला चढले. एकोणसाठ नग, स्थिती उत्तम, ताबा माझा. इथून माझी चूक सुरू झाली.

शिपायाची नोकरी ज्यांनी केली नाही त्यांना हे कळायचं नाही. रजिस्टरवर तुमच्या नावापुढं एखादी वस्तू चढली की ती वस्तू तुमच्या मानेवर बसते. काच फुटली, शिपाई. खुर्चीचा पाय मोडला, शिपाई. म्हणून पेटी शाळेत उतरवली की मी पहिलं वाक्य हे बोलायचो, "गुरुजी, सांभाळून. काय फाटलं-मोडलं तर माझ्या नावावर येतंय, आन मग मला तुमचं नाव लिवावं लागतंय." गुरुजी मुळातच इंग्रजीला भ्यालेला. त्यात मी असं भेडसावलं की पेटी जायची कपाटात. वर सरस्वतीचा फोटो, खाली कुलूप. साहेब यायच्या आदल्या दिवशी बाहेर निघायची. पोरांना लांब बसवून एकदा रंगीत तालीम, दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं पाठ. पोरांनी हात लावायचा नाही, नुसतं बघून बोलायचं. पाठ झाला की नग मोजून ट्रंकेत. मी मोजायचो, गुरुजी सही करायचे. दोघांनाही सुटल्यासारखं वाटायचं.

साहेबांना हे माहीत नव्हतं असं नाही. ते चिडायचे. "अरे, ही देवाची भांडी आहेत का?" म्हणायचे. पण ते यायचे पंधरवड्यातून एकदा, आणि मी भेडसावायचो ते त्यांच्या आधी येऊन.

एक गंमतही लिहितो, नाहीतर संपादक म्हणतील मामानं नुसतं रडगाणं गायलं. साताऱ्याच्या पूर्वेला एक गाव आहे, तिथं घरटी एक फौजी. साहेब पाठ बघायला आले तेव्हा शाळेच्या ओसरीत अर्धं गाव येऊन बसलेलं. पाठ चालू होता. गुरुजी घामाघूम. पोरं मुकाट. तेवढ्यात एक रिटायर हवालदार उठले, मिशा पिळल्या आणि म्हणाले, "गुरुजी, राग मानू नगा. बसून कुठं इंग्लिश येतंय व्हय? आमाला उभं करून शिकवलीया. जरा सरका."

साहेब म्हणाले, "सरका गुरुजी. बघू तरी."

हवालदारांनी आवाज लावला, "स्टँड अप!" आणि स्वतः बसून उभे राहून दाखवलं. पोरं उभी. "सिट डाऊन!" पोरं खाली. "हँड्स अप!" सगळे हात वर, ओसरीतल्या दोन म्हाताऱ्यांचेसुद्धा. मग म्हणाले, "रन!" आणि दाराकडं बोट केलं. पोरं जी सुटली ती थेट मारुतीच्या देवळापर्यंत, कारण थांबायचं कसं ते हवालदारांनी शिकवलंच नव्हतं. अर्धा तास पोरं गोळा करण्यात गेला. साहेब हसून हसून खोकले, पण वहीत लिहून घेतलं. पुढं प्रत्येक प्रशिक्षणात सांगायचे की अंग हललं की जीभ हलते, हे मला एका हवालदारानं शिकवलं. त्या दिवशी माझी पेटी उघडलीच नाही. मला बरंच वाटलं होतं.

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी पेटी साहेबांच्या परवानगीनं घरी आणायचो. लोकरीच्या कापडाला कसर लागते, म्हणून ऊन दाखवायचं. हौसा दारात बाज टाकायची, त्यावर धुतलेलं लुगडं अंथरायची आणि एकेक नग काढून मांडायची. म्हातारा, म्हातारी, शेळी, कोंबडी. उलटून बघायची, कडेनं बोट फिरवायची. शेजारी ते तुकड्यांचं गाठोडं आणि सुईदोरा तयार ठेवलेला. मग विचारायची,

"आवं, काय फाटलं का औंदा?"

"एक टाका उसवला न्हाई."

"बघा नीट. बाळाचा बंद?"

"बंद बी तसाच. तुजा टाका म्हंजी काय सांगू, लोखंड हाय लोखंड."

मला वाटायचं मी तिचं कौतुक करतोय. ती गाठोडं तसंच बांधून आढ्याला अडकवून ठेवायची. दोन्ही सुट्ट्यांत हेच. एकदा म्हणाली, "मला एकडाव न्या की साळंत. पोरं कशी बोलत्यात ह्यांच्यासंगं ते बघती."

मी म्हणालो, "सायेब काय म्हन्तील? साळंत तुजं काय काम?"

साहेब काहीही म्हणाले नसते. खुर्ची देऊन बसवलं असतं. पण मी त्यांना विचारलंच नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा पेटी जतकडं गेली. तिकडं घरात कानडी, शाळेत मराठी, आणि आता वर इंग्रजी. एस.टी. सोडून पुढं दोन तास चाल. शाळा म्हणजे एक खोली, आणि गुरुजी एकटेच, मगदूम नावाचे. वयानं तरुण, पायात फाटक्या चपला, बोलायला मात्र गडी खमक्या. मी माझं नेहमीचं सुरू केलं, "गुरुजी, सांभाळून, माझ्या नावावर..." तर म्हणाले, "मामा, भाकरी खाल्ली का? खा आधी. पेटीचं मी बघतो."

पंधरा दिवसांनी मी आणि साहेब पाठ बघायला गेलो. पेटी कपाटात नव्हती, कारण कपाटच नव्हतं. ट्रंक उघडी, आणि आत जवळजवळ काहीच नाही.

"गुरुजी, नग कुठं हायती?"

"घरोघर," मगदूम म्हणाले.

त्यांची रीत अशी होती. शाळा सुटताना प्रत्येक पोराला एकेक वस्तू द्यायची. कुणाला कोंबडी, कुणाला छत्री. पोरानं ती घरी न्यायची आणि सकाळी येऊन तिच्याबद्दल दोन वाक्यं इंग्रजीत सांगायची. ती रात्री कुठं होती, तिनं काय केलं. वाक्य आडलं तर सगळ्या वर्गानं मिळून जुळवायचं. साहेब मागच्या भिंतीला टेकून बसले आणि एक अक्षर न बोलता ऐकत राहिले. पोरं येत होती, वस्तू फलकावर दाबत होती, आणि बोलत होती. तोडकंमोडकं, पण बोलत होती. मी सात वर्षांत शेदीडशे पाठ बघितले, त्यात पाठांतर न करता बोललेली पोरं मी तिथंच बघितली. आणि खरं सांगायचं तर मी ऐकत नव्हतोच. मी नग मोजत होतो.

शेवटी एक पोरगी उठली. नऊ-दहा वर्षांची, केसाला तेल नाही, परकराचा ओचा हातात धरलेला. ओच्यातून तिनं शेळी काढली. हौसाची काळी शेळी. तिचा एक कान गायब, पोटाला पिवळा डाग आणि मानेवरची शिवण सुटलेली. पोरीकडं शेरडं होती. हिनं कापडाची शेळी खऱ्या शेळीला दाखवायला नेली, आणि खऱ्या शेळीनं तिचा कान खाल्ला. तेच ती सांगत होती. दोन वाक्यांची चार वाक्यं झाली, वर्ग हसत होता, साहेबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

पाठ संपला. मी पोरीला कोपऱ्यात गाठलं. "सरकारी वस्तू हाय ती, कळतंय का? तुज्या बापाची हाय व्हय?" पोरगी रडायला लागली, कानडीत काहीतरी बोलली. मगदूम धावत आले.

"मामा, काय करताय? गेले आठ महिने ही पोरगी शाळेत तोंड उघडत नव्हती. मराठीत न्हाई आन कानडीत बी न्हाई. ह्या शेळीपायी उघडलं."

"तुमचं खरं, गुरुजी. पन मला रजिस्टरला काय लिवायचं?"

"लिवा की, मगदूमनं फाडली. घाला माजं नाव."

साहेब म्हणाले, "नाव कुणाचंच घालायचं नाही. वापरलं की फाटणारच." तेवढं बोलून ते त्यांच्या जीपनं पुढं गेले. मी ट्रंक घेऊन मागं राहिलो.

आता नीट वाचा, कारण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फाटलेली वस्तू हातात होती. घरी हौसा गाठोडं बांधून सहा वर्षं वाट बघत होती. मी ती तशीच नेऊन तिच्या हातात द्यायची. एवढंच करायचं होतं. पण माझ्या डोक्यात काय, तर साहेब आज असं म्हणतात, उद्या बदलून गेले तर? 'स्थिती उत्तम' लिहिलंय, नवा साहेब विचारील. आणि दुसरंही एक होतं. मी इतकी वर्षं छाती फुगवून सांगत होतो, एक टाका उसवला नाही. आता कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून मिरजेला उतरलो. स्टँडाजवळ एका शिंप्याला गाठलं. त्यानं कुणाच्या तरी पँटीच्या काळसर तुकड्याचा कान कापला, मशीन घरघरवलं, मानेची शिवण घेतली. डाग साबणानं घासला. लांबून बघितलं तर नवी शेळी. मी खूश होऊन साताऱ्याची गाडी धरली.

दिवाळीची सुट्टी लागली. हौसानं बाज टाकली.

"काय फाटलं का औंदा?"

"एक टाका उसवला न्हाई," मी म्हणालो.

ती मांडत गेली. म्हातारा, म्हातारी, कोंबडी. मग शेळी हातात आली आणि तिचा हात थांबला. कानाला बोट लावलं. उलटून मागची शिवण बघितली.

"ह्यो टाका माजा न्हाई," ती म्हणाली.

मी उगीच बाजेवरची कोंबडी सरळ केली.

"मशिनीचा हाय. कान बी परक्या कापडाचा. पांढरा होता कान." मग माझ्याकडं बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज अगदी साधा होता. "कुनी फाडली?"

मग मी सगळं सांगितलं. पोरगी, शेरडं, कान खाल्ल्याचं. सांगता सांगता तिचा चेहरा उजळत गेला. लग्न झाल्यापासून मी तिला तसं बघितलं नव्हतं. पुढं सरकून बसली. "म्हंजी घरी निली व्हती तिनं? आन निजताना जवळ घितली आसंल?"

"काय म्हाईत."

"पोरीचं नाव काय?"

"म्हाईत न्हाई."

"तिनं शेळीला काय नाव ठिवलं हुतं? पोरं ठिवत्यात की नाव."

मला तेही माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. पोरीनं रडत रडत कानडीत जे सांगितलं ते काय होतं तेही मी कुणाला विचारलं नव्हतं. हौसा मागं सरकून बसली. तिचा चेहरा हळूहळू होता तसा झाला.

"आन तुमी तिला दटावलं," ती म्हणाली. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. तिला कळलं.

तिनं सुईनं मशीनचा दोरा उसवला, परका कान काढून अंगणात टाकला, गाठोड्यातनं पांढरा तुकडा काढून नवा कान लावला. एका कानाला किती वेळ लागावा? तिनं दुपार लावली. मग शेळी माझ्या हातात दिली. "जा, ठिवा पेटीत."

त्यानंतर तिनं परत कधी विचारलं नाही, काय फाटलं का म्हणून. दोन सुट्ट्या ऊन दाखवलं, पण मुक्यानं. मी मनात ठरवलं होतं की आता पेटी जतकडं गेली की त्या पोरीला गाठायचं, नाव विचारून यायचं. पण पेटी जतला गेलीच नाही. साहेबांची बदली झाली, केंद्राचं काम थंडावलं, पेटी स्टोअरला पडली.

दोन वर्षांनी स्टोअर रिकामं करायचा हुकूम आला. मुदत संपलेल्या वस्तू रजिस्टरवरून कमी करायच्या, आणि तिघांच्या समोर जाळायच्या. कागदाची होळी मी खूप केली होती. त्या दिवशी नवे साहेब, हेडक्लार्क आणि एक मास्तर खुर्च्या टाकून बसले. मी ट्रंक उघडली. नवे साहेब एकेक नग उचलून बघायला लागले.

"मामा, या तर नव्याच्या नव्या आहेत. वापरल्याच नाहीत की काय?"

सात वर्षांत मला कुणी एवढी मोठी शाबासकी दिली नव्हती, असं मला वाटायला हवं होतं. मी घाईनं पुढचा नग काढून दिला.

हेडक्लार्क चांगला माणूस होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैनींच्या हातचं हाय न्हवं? एकदोन टाका पिशवीत. आमी कुठं बघतोय?"

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "न्हाई भाऊसाहेब, नोंद हाय. एकोणसाठच्या एकोणसाठ जाळायच्या." आयुष्यभर तेच केलेलं, हाताला दुसरं काही सुचत नव्हतं. लोकर लवकर पेट घेत नाही. काळा धूर धरते, केस जळल्यासारखा वास सोडते. काडीनं ढोसून ढोसून जाळावं लागलं. पाळण्यातल्या बाळाचा बंद बांधलेलाच होता.

घरी गेलो. हौसानं माझ्या अंगाचा वास घेतला आणि समजली. सदरा काढून घेतला, भिजत घातला. जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी आढ्याचं गाठोडं काढून तुकडे उन्हात पसरले. म्हाताऱ्याच्या धोतराचे, कोंबडीच्या लाल शालीचे, शेळीच्या काळ्या कोटाचे. आता ठिगळ लावायला काही उरलं नव्हतं. तिनं ते सगळे जोडून वाकळ शिवली. दोन महिने लागले. शिवून झाली आणि घडी करून घरच्या ट्रंकेत ठेवली. अंथरली नाही, पांघरली नाही. मीही म्हणालो नाही, काढ म्हणून. नवीच्या नवी राहिली.

चाळीसच्या वर वर्षं ती वाकळ ट्रंकेत होती. हौसा आजारी पडली तेव्हा दवाखान्यातली पांघरुणं तिला टोचायची. मी म्हणालो, "तुजी वाकळ आनू का?" ती म्हणाली, "घान हुईल. ऱ्हाऊ द्या." हे तिनं माझ्याकडून उचललेलं होतं. चाळीस वर्षं एका माणसाजवळ राहिलं की त्याचा रोग लागतो. ती गेली तेव्हा तिच्या अंगावर दवाखान्याची चादर होती.

तेरावं झाल्यावर पुतण्याची बायको घर आवरायला आली. वाकळ हातात घेऊन म्हणाली, "तात्या, काकूंची आठवण हाय. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठिवू का वर? टिकंल."

मी म्हणालो, "आन ती हिकडं. आजपास्नं मी पांघरनार."

"आवं, फाटंल की!"

"फाटू दी."

तेव्हापासून रोज पांघरतो. उन्हाळ्यातसुद्धा. दुपारी अंथरून तिच्यावर बसतो, चहा सांडतो, शेजारची पोरं येऊन लोळतात, लोळू देतो. एक पोरगी लाल तुकड्याला कोंबडी म्हणते. मी तिला तसं कधी सांगितलेलं नाही, कापडावर कोंबडी राहिलेलीही नाही. मी म्हणालो, "हिचं नाव काय ठिवायचं?" तर तिनं लगेच एक नाव ठेवलं. ते मी पाठ करून ठेवलंय. कुणाला सांगायचं ते मला माहीत आहे, पण ती ऐकायला नाही.

परवा सकाळी घडी घालत होतो. काळ्या कोटाचा तुकडा कडेला धरून चार बोटं उसवला होता, आतलं जुनं लुगडं दिसत होतं. मी वाकळ उन्हात बाजेवर नेली, जिथं ती मांडायची तिथं मांडली, आणि शेजारी बसलो. घरात कुणी नव्हतं. तरी मोठ्यानं बोललो,

"हौसा, फाटलं गं."